उन्हाळी लागली म्हणून सुक्या क्रॅनबेरी खायच्या का?

मागच्या डिसेंबरात मावसबहीण न्यू जर्सीहून आली तेव्हा नेहमीच्या चॉकलेट-बदामांसोबत सुक्या क्रॅनबेरीची दोन जाडजूड पाकिटं घेऊन आली, एक तिच्या आईला म्हणजे माझ्या मावशीला, आणि दुसरं माझ्या हातात कोंबून हळूच म्हणाली, ताई तुला सारखी उन्हाळी लागते ना, रोज मूठभर खा, तिकडे सगळ्या खातात. मी खाल्ल्या. चवीला मस्त आंबटगोड, टीव्ही बघता बघता मूठ कधी संपते कळत नाही, आठ दिवसांत अर्धं पाकीट गेलं. आणि तिसऱ्या आठवड्यात परत जळजळ सुरू झाली. तर मी काय केलं, डॉक्टरकडे जायच्या ऐवजी मूठभराच्या दोन मुठी केल्या, आणि तीन दिवसांनी हुडहुडी भरून ताप आला, पाठीत कळ, तेव्हा कुठे गेले. बरी झाल्यावर म्हटलं आता हे प्रकरण नीट वाचूनच काढते, जे कळलं ते लिहिते.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू, कारण मला वाटतं निम्मी गडबड तिथेच आहे. आपण "उन्हाळी लागली" म्हणतो ते दोन अगदी वेगळ्या गोष्टींना. पहिली म्हणजे एप्रिल-मे, दिवसभर बाहेर, पाणी पोटात गेलेलं नाही, लघवी गडद पिवळी, थोडी थोडी, आणि होताना चुरचुरते. यात बहुतेकदा जंतूबिंतू काही नसतात, घाम इतका गेलाय की लघवी दाट झालीय एवढंच. दोन तांबे पाणी प्या, धन्या-जिऱ्याचं पाणी प्या, कोकम सरबत, शहाळं, वाळ्याचं पाणी, काय हवं ते प्या, संध्याकाळपर्यंत बरं वाटतं. दुसरी म्हणजे खरं युरिन इन्फेक्शन. पाच मिनिटांपूर्वी जाऊन आलो तरी परत घाईची लागते, गेलं की चार थेंब, शेवटी शेवटी आग होते, ओटीपोटात दुखतं, लघवी गढूळ, कधी वास, कधी रक्ताचा लालसरपणा. यात जंतू असतात आणि ते वाढत असतात.

आता गंमत बघा, दोन्हीला शब्द एकच, म्हणून औषधही एकच. माझी आई रात्री काळ्या मनुका भिजत घालायची आणि सकाळी त्या चावून खाऊन वर ते पाणी प्यायला लावायची, आणि तिचा अनुभव पक्का की याने उन्हाळी जाते. जात असणारच, पहिल्या प्रकारची. फक्त ती मनुकांनी जात होती की त्या निमित्ताने दिवसभर जे पाणी पोटात ढकललं जायचं त्याने, हे कोणी तपासलं नव्हतं.

जंतूंचं बोलू. बायकांच्या साध्या युरिन इन्फेक्शनमध्ये बहुतांश वेळा ई. कोलाय नावाचा जंतू असतो, जो आपल्याच आतड्यात एरवी गुमान राहत असतो. तो शौचाच्या जागेपासून पुढे सरकत लघवीच्या मार्गात शिरतो आणि वर मूत्राशयात जातो. बायकांमध्ये ही नळी जेमतेम ४ सेंटिमीटरची, पुरुषांमध्ये साधारण २० सेंटिमीटर, म्हणजे जंतूला आपल्याकडे प्रवासच नाही, दोन घरं सोडून जायचंय. म्हणून जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हे होतंच, त्यात अस्वच्छता किंवा लाज वाटण्यासारखं काही नाही. संबंधांनंतर होतं, गरोदरपणात होतं, शुगर असली की जास्त होतं, पाळी गेल्यावर तर फारच.

पण मूत्राशयात पोचला म्हणजे काम झालं असं नाही. लघवीचा लोट दर दोन-तीन तासांनी सगळं धुवून काढतो. टिकायचं असेल तर जंतूला आतल्या अस्तराला धरून बसावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक धागे असतात, टोकाला चिकटणारं प्रोटीन. माळरानावरून चालत गेलं की साडीच्या काठाला कुसळं अडकतात ना, तसंच. झटकून जात नाहीत, एकेक उपटावी लागतात.

क्रॅनबेरीची सगळी गोष्ट या कुसळांपाशी आहे. हे फळ उत्तर अमेरिकेतलं, दलदलीच्या जमिनीत जमिनीलगत वाढणारं, आज अमेरिकेतलं निम्म्याहून जास्त पीक एकट्या विस्कॉन्सिन राज्यात निघतं. तिथले मूळ लोक ते वाळवून सुक्या मांसात आणि चरबीत कुटून प्रवासाला न्यायचे. लघवीच्या तक्रारींवरही तिथे ते घरगुती औषध म्हणून जुनं आहे. १९१४ च्या सुमारास तिथल्या संशोधकांनी बघितलं की हे खाल्ल्यावर लघवी ॲसिडिक होते, मग समज असा झाला की ॲसिडने जंतू मरतात. आपल्याकडेही आंबट खा म्हणजे आतलं साफ होतं असं म्हणणाऱ्या आज्या आहेतच. पण नंतर मोजल्यावर कळलं की माणूस पिऊ शकेल एवढ्या रसाने लघवी इतकी ॲसिडिक होतच नाही की जंतू मरतील. (आणि आपल्याकडे तर केमिस्ट जळजळीला जे गुलाबी-पिवळं सिरप देतो ते बरोब्बर उलटं काम करतं, लघवीचं ॲसिड कमी करतं! त्याने आग कमी होते, जंतू जात नाहीत.)

मग १९८० च्या दशकात दुसरीच गोष्ट लक्षात आली, की क्रॅनबेरीचा रस जंतूला मारत नाही, त्याला चिकटू देत नाही. आणि १९९८ मध्ये नेमका पदार्थ सापडला, प्रोअँथोसायनिडिन, आणि पुढे कळलं की त्यातही ए टाइप. नाव विसरलात तरी चालेल, पण ए टाइप लक्षात ठेवा, पुढे मनुकांचा हिशोब करताना लागेल. म्हणजे साडीवर गुळगुळीत रेनकोट चढवल्यासारखं, कुसळ लागतं पण अडकत नाही, घसरून पडतं.

आता यातच माझ्या दोन मुठींचं उत्तर आहे. कुसळं आधीच काठात रुतलेली असताना वरून रेनकोट घातला तर ती निघणार आहेत का? इन्फेक्शन सुरू झालं म्हणजे जंतू आधीच चिकटलेत, काही तर अस्तराच्या पेशींच्या आत घुसून बसलेत. त्यांना उपटून काढायची ताकद क्रॅनबेरीत असल्याचा चांगला पुरावा नाही. जो काही उपयोग आहे तो पुढचं इन्फेक्शन टाळायला. बहिणीने मला "रोज खा" सांगितलं होतं ते एका अर्थी बरोबर होतं, मी ते "दुखल्यावर जास्त खा" असं केलं ते चुकलं.

बरं टाळायला तरी किती उपयोग? इथे शास्त्रज्ञांनीच कोलांटी मारलीय. १९९४ मध्ये अमेरिकेत १५३ वयस्कर बायकांवर एक अभ्यास झाला, रोज ३०० मिली रस, तर रस पिणाऱ्यांच्या लघवीत जंतू आणि पस सेल्स कमी सापडले, आणि तिथून ही लाट सुरू झाली. कोक्रेन म्हणून एक संस्था आहे, जगभरातले अभ्यास एकत्र करून निकाल सांगते, त्यांनी २०१२ मध्ये २४ अभ्यास बघून सांगितलं की क्रॅनबेरीचा लक्षात येण्याजोगा फायदा नाही. आणि २०२३ मध्ये ५० अभ्यास, ८८५७ माणसं, एवढं सगळं परत मोजून सांगितलं की नाही, आहे, ज्या बायकांना वारंवार इन्फेक्शन होतं त्यांच्यात धोका साधारण २६ टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे ज्या शंभर जणींना परत होणारच होतं त्यातल्या २६ जणींचं टळलं, ७४ जणींना झालंच. लहान मुलांमध्ये आकडा याहून बरा आहे. पण वृद्धाश्रमासारख्या ठिकाणी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत, गरोदर बायकांत आणि ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही त्यांच्यात फायदा दिसला नाही. आणि हेही लक्षात असू द्या की क्रॅनबेरीच्या बऱ्याच अभ्यासांना पैसा क्रॅनबेरी विकणाऱ्यांचाच आहे. त्याने अभ्यास खोटा ठरत नाही, पण मी वाचताना जरा मान तिरकी करूनच वाचते.

आणि हे सगळं रसाचं आणि गोळ्यांचं. सुक्या क्रॅनबेरीचं काय? इथे मात्र हाताला फारसं लागत नाही. २०१३ चा एक अभ्यास आहे, वारंवार त्रास होणाऱ्या २० बायका, रोज ४२ ग्रॅम गोड सुकी क्रॅनबेरी, दोन आठवडे. नंतरच्या सहा महिन्यांत त्यांचा त्रास आधीपेक्षा कमी झाला. ऐकायला छान, पण तुलनेला न खाणाऱ्या बायकांचा गटच नव्हता, आणि वारंवार होणारा आजार एरवीही कधी जोरात असतो कधी थंडावतो, माणूस अभ्यासात नाव नोंदवतो तेच मुळी जोरात असताना. त्याआधी २००५ मध्ये एक चिमुकला प्रयोग झाला होता, अगदी मोजक्या बायका, तो मला फार आवडला कारण त्यात आपल्या मनुका आहेत! म्हणजे बेदाणे. त्यांना एकदा सुक्या क्रॅनबेरी खायला दिल्या आणि एकदा बेदाणे, आणि नंतरच्या लघवीत जंतू किती चिकटतात ते बघितलं. क्रॅनबेरीनंतर काहींच्या लघवीत चिकटणं थोडं कमी झालं, सगळ्यांच्या नाही. बेदाण्यांनंतर काहीच नाही. याचं कारण तेच, द्राक्षात असतं ते बी टाइप, क्रॅनबेरीतलं ए टाइप. नाव जवळपास एक, पण कुसळ अडवायला ए टाइपच लागतं.

अमेरिकेच्या औषध-अन्न खात्याने, एफडीएने, २०२० मध्ये क्रॅनबेरीच्या कंपन्यांना पाकिटावर "वारंवार होणाऱ्या इन्फेक्शनचा धोका कमी होऊ शकतो, पुरावा मर्यादित आहे" अशा छापाचं वाक्य लिहायची सूट दिली, ती ठरावीक प्रमाणाच्या रसाला आणि सप्लिमेंटला. सुकी क्रॅनबेरी आणि क्रॅनबेरी सॉस त्यातून चक्क बाहेर ठेवले. आणि सुकी क्रॅनबेरी बनते कशी तेही बघायला हवं. ताजी क्रॅनबेरी इतकी आंबट-तुरट असते की नुसती खाववत नाही, १०० ग्रॅममध्ये साखर जेमतेम ४ ग्रॅम. तर फळ चिरून आधी त्यातला रस काढून घेतात, तो रस वेगळा विकतात, उरलेली साल-गर साखरेच्या पाकात मुरवतात आणि मग वाळवतात, एकमेकांना चिकटू नये म्हणून वरून तेलाचा हात. आपण मोरावळा करतो तसंच, फक्त आवळ्याचा रस आधी दुसऱ्यालाच विकून टाकलेला. माझ्या पाकिटामागे बघितलं, ४० ग्रॅममध्ये २९ ग्रॅम साखर, त्यातली जवळजवळ सगळी वरून घातलेली. म्हणजे मी मूठभर औषध म्हणून सात चमचे साखर खात होते, आणि "दोन मुठी" केल्या त्या दिवशी चौदा. ज्यांना शुगर आहे त्यांच्यासाठी हा प्रकार अगदी उलटा, कारण शुगर कंट्रोलमध्ये नसणं हेच इन्फेक्शनचं एक मोठं कारण आहे. आणि त्या ए टाइपचा आकडा पाकिटावर कुठेच नाही. अभ्यासांमध्ये रोज ३६ मिलिग्रॅम वगैरे मोजून देतात, आपल्या मुठीत किती आलं कोणाला माहीत.

आणखी एक भानगड आपल्याकडची. ऑनलाइन "इंडियन क्रॅनबेरी" म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा करवंद असतं. करवंदावर माझा काही राग नाही, उलट मे महिन्यात पानाच्या द्रोणातली काळी करवंदं मिळाली तर मी दुपारचं जेवण सोडेन. पण ते वेगळ्याच कुळातलं झाड, रुई-कण्हेरीच्या कुळातलं, चीक बघा त्याचा. क्रॅनबेरीशी नात्याचा संबंध नाही, आंबटपणा आणि लाल रंग सोडला तर. केकवरची लाल "चेरी" पण बरेचदा पाकात घातलेलं करवंदच असतं. तेव्हा करवंदाला क्रॅनबेरीचं सर्टिफिकेट लावून चढ्या भावाने विकणाऱ्यांना माझा नमस्कार.

मग अंजीर, खजूर, जर्दाळू, आवळा सुपारी, आमसूल? इन्फेक्शनच्या बाबतीत यांच्या बाजूने दाखवण्यासारखं काही नाही. एक आडवाटेचा फायदा मात्र आहे, तो मनुका-अंजिरांना द्यायलाच हवा. बद्धकोष्ठता असली की भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, लघवी पूर्ण होत नाही, आणि तुंबलेल्या पाण्यात जंतू वाढतातच. लहान मुलींमध्ये तर हे पक्कं माहीत आहे, वारंवार युरिन इन्फेक्शन होणाऱ्या पोरीला आधी पोट साफ होतं का विचारतात. तेव्हा रात्री भिजवलेली दोन अंजिरं जरूर द्या, पोटासाठी म्हणून द्या.

तुम्ही म्हणाल, पण माझ्या जावेला तर क्रॅनबेरी खाऊन दोन दिवसांत बरं वाटलं. वाटलं असेल हो. साधं मूत्राशयापुरतं इन्फेक्शन असेल तर काही जणींचं शरीर ते आपलं आपणच निपटतं, औषधांच्या अभ्यासात नुसती खोटी गोळी दिलेल्या गटातल्याही बऱ्याच बायका आठवडाभरात बऱ्या होतात. त्या दिवसांत जे खाल्लं त्याला श्रेय जातं. माझ्यासारखीचं मात्र ते वर किडनीपर्यंत चढतं, आणि सुरुवातीलाच बघून कोणाचं चढणार ते सांगता येत नाही.

म्हणून हे एवढं मात्र नीट वाचा. ताप, हुडहुडी, उलट्या, बरगडीच्या खाली पाठीत एका बाजूला दुखणं, यातलं काहीही असलं तर घरगुती काही करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर. गरोदर असाल तर ताप यायची पण वाट बघू नका, नुसती जळजळ असली तरी दाखवा, गरोदरपणात तर काही त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी औषध देतात. शुगर, किडनी स्टोन, लघवीतून रक्त, लहान मूल, तिथेही तसंच. आणि जळजळीसोबत खाज आणि दह्यासारखं पांढरं जात असेल तर ते बहुधा फंगल, त्याचं औषधच वेगळं. डॉक्टर युरिन कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, सांगतील तर पहिल्या गोळीच्या आधी सॅम्पल द्या, सुरुवातीची धार सोडून मधली, कारण गोळी पोटात गेल्यावर बरेचदा जंतू उगवत नाही आणि मग कोणतं औषध चालेल ते कळत नाही. घरात मागच्या वेळची उरलेली चार-पाच गोळ्यांची स्ट्रिप असते ना, आपण सगळ्याच ठेवतो, ती घेऊ नका. आपल्याकडच्या ई. कोलायवर जुन्या नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकचा परिणाम होईनासा झालाय, त्याला या अर्धवट स्ट्रिपाही कारण आहेत. हल्ली साध्या इन्फेक्शनला बहुतेकदा नायट्रोफुरॅन्टॉइन किंवा फॉस्फोमायसिन देतात. नायट्रोफुरॅन्टॉइन ॲसिडिक लघवीत जास्त चांगलं चालतं, तेव्हा सोबत ते जळजळीचं सिरप घ्यायचं की नाही हे विचारून घ्या.

वारंवार होतंय, सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा, तर मग टाळायचे उपाय बघायचे. त्यात क्रॅनबेरी आहे, पण सुकी नको, गोळी किंवा बिनसाखरेचा रस, ते पण परवडत असेल तर. क्रॅनबेरी गोळ्यांत हल्ली डी-मॅनोज नावाची एक साखर घालून भाव वाढवतात, त्यावर ब्रिटनमध्ये ५९८ बायकांचा मोठा अभ्यास २०२४ मध्ये आला, सहा महिने रोज घेऊन काही फरक पडला नाही. पन्नाशीनंतर पाळी गेलेल्या बायकांना सगळ्यात उपयोगी पडते ती योनीमार्गात लावायची इस्ट्रोजेन क्रीम, तिचा चांगला पुरावा १९९३ पासून आहे, पण आपल्याकडे हे डॉक्टरला विचारायलाच किती जणी लाजतात.

आणि पाणी. २०१८ मध्ये एक अभ्यास आला, दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० बायका, निम्म्यांना रोज दीड लिटर जास्तीचं पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात न वाढवणाऱ्यांना सरासरी ३.२ वेळा झालं, वाढवणाऱ्यांना १.७ वेळा. जवळजवळ निम्म्यावर! (याला बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीचा पैसा होता, मान तिरकी करा, पण नळाचं उकळून गार केलेलं पाणीही तेच काम करणार.) पण मी ऑफिसला जाताना सकाळी मुद्दाम पाणी पीत नाही हे मलाच माहितीये, कारण ट्रेनचा दीड तास आणि स्टेशनवरच्या त्या बाथरूमला कोण जाणार. माझ्यासारख्या लाखो असतील. मुंबईत २०११ मध्ये बायकांनी "राईट टू पी" मोहीम काढली ती याच्यासाठीच, बायकांना फुकट आणि स्वच्छ मुतारी हवी म्हणून. दिवसभर लघवी दाबून धरायची, पाणी प्यायचं नाही, आणि मग घरी येऊन अमेरिकेची बेरी खायची, असं आपलं चाललंय.

वाचता वाचता एक गोष्ट सापडली आणि जरा दचकलेच. वॉरफरिन म्हणजे रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्या काही पेशंटांमध्ये भरपूर क्रॅनबेरी रस प्यायल्यावर रक्त जास्तच पातळ झाल्याच्या नोंदी आहेत. नंतरच्या छोट्या ट्रायलमध्ये तसं फारसं दिसलं नाही, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको असंच सांगतात. आणि दुसरं पाकीट मावशीकडे, जिची हार्टची झडप बदललीय आणि वॉरफरिन रोज चालू! लगेच फोन लावला, मावशी त्या लाल बेऱ्या खाऊ नकोस गं डॉक्टरांना विचारल्याशिवाय. तर ती म्हणते, अगं मी कुठली खातेय, दाताला चिकटतात त्या, नातवाने कधीच संपवल्या.